मी नेऱ्याचाच ओन्ली

कुणाची इंग्रजी चुकली की गालातल्या गालात हसणं ही आपल्याकडची बिनखर्चाची करमणूक, आणि तिला मुळशी तालुक्यातल्या नेऱ्यासारखा शेजार नाही. हाकेच्या अंतरावर हिंजवडीचं आयटी पार्क, मागे कासारसाईचं धरण, आणि जाहिरातींत हे गाव कायम 'निअर हिंजवडी'. तिथला कुणी 'आय ॲम फ्रॉम नेरे ओन्ली' म्हणाला की पार्कातली मंडळी एकमेकांकडे बघतात. माझं म्हणणं असं, की त्या वाक्याचं व्याकरण चोख आहे. फक्त ते मराठीचं आहे. काल फ्लॅटचा ताबा घेतलेलाही 'फ्रॉम नेरे'च असतो. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव असलेल्या माणसाला 'नेऱ्याचाच' मधला 'च' सोडून कसा चालेल? इंग्रजीकडे तो नाही, म्हणून बिचारा 'ओन्ली'वर भागवतो. 'कझिन ब्रदर'चंही तेच. मावसभाऊ, आतेबहीण, चुलतभाऊ अशी नाती काटेकोर वेगळी ठेवणाऱ्याला नुसतं 'कझिन' म्हणजे गोणीत कोंबलेलं सगळं गणगोत वाटतं. आत निदान भाऊ आहे की बहीण, एवढं तरी तो सांगतो.

शिकवण्यात कमी पडलं म्हणावं, तर प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० सालीच राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. त्या वेळची पहिलीतली पोरं आज गळ्यात ओळखपत्र अडकवून पार्कात जातात आणि 'लेट अस डिस्कस अबाउट इट' म्हणतात. म्हणणारच, आपण कशा'बद्दल' तरीच चर्चा करतो. शिवाय ही फिटंफाट आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं ते बरंचसं इंग्रजी व्याकरणाच्या साच्यात. आपण त्यांच्या साच्यात मराठी बसवून घेतली, आता त्यांनी आपल्या साच्यात थोडी इंग्रजी सोसावी.

यावर कुणी म्हणेल, गंमत ठीक, पण मुलाखतीत 'ही गो' म्हटलं की नोकरी जाते. जाते, खरं आहे. पण न्याय बघा. आपल्या क्रियापदाला जातो, जाते, जातोस, जातात असा सगळा संसार; इंग्रजीने वर्तमानकाळातला आपला बहुतेक संसार मोडीत काढला, एक 'एस' तेवढा उरला, आणि नेमकी त्याच्यापाशी चौकी बसवली! दुसरा आक्षेप अर्थाचा. 'नो स्मोकिंग नॉट अलाऊड' या पाटीचा अर्थ, दोन नकार एकमेकांना खातात या नियमाने, 'खुशाल ओढा' असा होतो. तो नियम अठराव्या शतकात बिशप लाउथ यांच्या व्याकरणाने रुजवला. त्याआधी चॉसर एका वाक्यात दोन-तीन नकार सहज घालायचा. आणि पाटी वाचून आजवर कुणी हर्षाने विडी पेटवली असेल असं वाटत नाही. 'मोअर बेटर'ला हसणाऱ्यांनी शेक्सपियरचं 'ज्युलियस सीझर' उघडावं. अँटनीच्या भाषणात दुहेरी श्रेष्ठतादर्शक ठाण मांडून बसलंय.

राहता राहिला प्रश्न हसणाऱ्यांचा. एखादा गोरा पुरुष 'मी उद्या येते' म्हणाला तर आपण टाळ्या वाजवतो, पेढा देतो, व्हिडिओ काढतो. हसू राखून ठेवलेलं असतं ते शेजारच्या गावच्या पोरासाठी. आणि हे हसणारे साहेब स्वतः काय बोलतात? 'डोन्ट वरी, मी उद्या तुझी मदत करेल.' यातली इंग्रजी मात्र निर्दोष हं!