गवत पेरतात, अहो, मुद्दाम!

ऐकलंत का? न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी मंडळींना सध्या गवताचं वेड लागलंय. पत्ते सुटले, शेअर बाजार मागे पडला, आता चार माणसं जमली की विषय एकच: टॉल फेस्क्यू. ज्यांच्या आज्या जन्मभर खुरपं घेऊन शेतातलं गवत उपटत राहिल्या, त्यांचे हे नातू चांगले डॉलर मोजून गवताचं बी विकत आणतात. आणि उगवल्यावर ते गाईला घालत नाहीत, म्हशीला घालत नाहीत. नुसतं उभं राहून बघतात!

बरं, मुहूर्त तरी कुठला काढावा? हे बी पेरायचं ऑगस्ट सरताना ते सप्टेंबर संपेपर्यंत. तेव्हा माती उबदार असते, हवा गार होऊ लागलेली असते, उन्हाळी तणांचा जोर ओसरलेला असतो. आठ-पंधरा दिवसांत उगवतं आणि बर्फाआधी मुळं धरतं. म्हणजे पेरणी ऐन गणपतीत आणि पितृपक्षात. पितृपक्षात नवी गाडी बघायलासुद्धा न जाणारे एक काका (नाव घेत नाही, एडिसनला राहतात) सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी भाड्याने एरेटर आणून अंगणभर भोकं पाडत होते. काकूंनी हटकलं तर म्हणाले, “अगं, पितरांनाही हिरवं आवडतं.”

आणि हे गवत घरात आणण्याआधी त्याचं कूळ कुणी विचारलं का? मी विचारलं. मूळ युरोपातलं. पण अमेरिकेत नाव काढलं ते १९३१ मध्ये. केंटकी विद्यापीठाचे ई. एन. फर्गस नावाचे प्राध्यापक मेनिफी काउंटीत ज्वारीच्या काकवीच्या स्पर्धेचे परीक्षक म्हणून गेले होते. तिथे कानावर आलं की जवळच्या एका डोंगराळ शेतावर थंडीतही हिरवं राहणारं गवत आहे. काकवी राहिली बाजूला, प्राध्यापक बी घेऊन परतले. १९४३ मध्ये ते ‘केंटकी ३१’ या नावानं बाजारात आलं आणि बघता बघता निम्म्या देशात पसरलं.

पुढचं हळू आवाजात सांगते. हे गवत खाऊन गाईगुरं आजारी पडायला लागली. खूर सडायचे, शेपटीची टोकं झडायची, उन्हाळ्यात जनावर धापा टाकायचं. सत्तरच्या दशकात उलगडा झाला: गवताच्या पोटातच एक बुरशी नांदत होती, बाहेरून अजिबात न दिसणारी. आणि कहर म्हणजे लॉनसाठी हीच बुरशी गुणाची ठरली, कारण ती असली की पानं कुरतडणारे किडे फिरकत नाहीत. त्यामुळे लॉनच्या कित्येक वाणांत ती आवर्जून ठेवतात. गोठ्यात बदनाम आणि अंगणात लाडकं! आपल्याकडे कुणाच्या लग्नात एवढी माहिती लपवली असती तर मांडवातून वरात परत गेली असती.

केंटकी ३१ तसं रासवट, रुंद पात्याचं. त्याला लॉनच्या लायकीचं केलं ते आपल्या मंडळींच्या शेजारच्याच रटगर्स विद्यापीठानं. तिथले रीड फंक जुन्या हिरवळींमधून वर्षानुवर्षं तग धरलेली रोपं शोधून आणायचे. त्यांतून १९८० च्या सुमारास ‘रेबेल’ हा बारीक पात्याचा, दाट वाण निघाला आणि त्याच्या मागून शेकडो आले. म्हणून आजही शहाणी माणसं स्वस्तातल्या केंटकी ३१च्या गोणीकडे बघत नाहीत. तीन-चार नव्या वाणांचं मिश्रण घेतात, म्हणजे एकावर रोग आला तरी बाकीचे तगतात.

पण शहाणी माणसं थोडी. बाकीचे पिशवीवरचा हिरवागार फोटो बघून भुलतात. खरी मेख मागच्या इवल्याशा चिठ्ठीत असते. वाणांची नावं, उगवण किती टक्के, तपासणी कधीची, तणाचं बी किती आणि ‘इतर पिकं’ किती. हे ‘इतर पिकं’ फार सोज्वळ दिसतं, पण भरड गवतं त्याच दारानं आत शिरतात आणि मग जन्मभर अंगण सोडत नाहीत. काही पिशव्यांत तर निम्मं वजन बियांवरच्या लेपाचंच असतं. आमच्या ओळखीतल्या एका इंजिनिअरसाहेबांचा चिठ्ठीवरही विश्वास नाही. त्यांनी ओल्या पेपर टॉवेलवर मोजून शंभर बिया ठेवल्या आणि मटकीला मोड आणतात तसे मोड आणायला गुंडाळी ओव्हनमध्ये ठेवून दिली. बायकोनं केकसाठी ओव्हन लावला. पुढचं सांगायला नको.

श्रीखंडाच्या डब्यांचंही एक कोडं होतं. प्रत्येक घरी रिकामे डबे लॉनवर का मांडलेले असतात? तर म्हणे पाणी मोजायला! लॉन एकदा रुजलं की त्याला आठवड्याला पावसासकट इंचभर पाणी पुरतं. डब्याला आतून मार्करनं रेघ मारायची, स्प्रिंकलर सोडायचा, रेघेपर्यंत भरलं की बंद. थोडं थोडं रोज नाही, एकदम आणि खोलवर. मग या गवताची मुळं दोन-तीन फूट खाली जातात आणि शेजारचं ब्लूग्रास ऑगस्टमध्ये पिवळं पडलं तरी हे हिरवं दिसतं. इथे मला कबूल करावंच लागतं की निवड चुकीची नाही. उन्हाळा दमट, हिवाळा बर्फाचा, अशा ठिकाणी यापेक्षा चिवट थंडीचं गवत मिळणं कठीण.

पण चिवट गवतालाही मारून दाखवणारे वीर आहेत. पहिली तऱ्हा, बुटकं कापणारे. टॉल फेस्क्यू तीन ते चार इंच ठेवायचं, एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त छाटायचं नाही. हे दीड इंचावर पातं लावतात, ऊन थेट मातीला भिडतं आणि क्रॅबग्रास नावाचं तण आनंदानं वर येतं. दुसरी तऱ्हा, जूनमध्ये नत्र ओतणारे. दमट रात्री सुरू झाल्या की ब्राउन पॅच नावाची बुरशी येते, तिला हा खुराक फार मानवतो. मग पहाटे गृहस्थ बर्म्युडा घालून, भिंग घेऊन, दवातली पांढरी जाळी शोधत ओणवे झालेले असतात. समोरून शाळेची बस जाते, मुलं खिडकीतून हात करतात. तिसऱ्या तऱ्हेचा एकच नमुना मला माहीत आहे. त्यानं एप्रिलमध्ये एकाच शनिवारी बीही टाकलं आणि क्रॅबग्रास उगवू न देणारं औषधही. औषधाला काय ठाऊक कुठलं बी आपलं? त्यानं दोन्ही उगवू दिली नाहीत.

हे वेड सुटत का नाही, त्याचंही कारण गवतातच आहे. टॉल फेस्क्यू पुंजक्यानं वाढतं, फारसं पसरत नाही. टक्कल पडलं की ते आपणहून भरत नाही; दर भाद्रपदात पुन्हा बी.

याच्या उलट नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीहून आलेली बातमी ऐका. तिथे फेस्क्यूवाल्यांचा वैरी म्हणजे बर्म्युडा ग्रास. म्हणजे आपली हरळी हो, दूर्वा! शेजारच्या अंगणातून सरपटत येते, मुळी तोडावी तिथून दोन फुटतात. एका गृहस्थांनी ऑगस्टभर दोन-तीनदा तणनाशक मारून तिचा नायनाट केला. पंधरवड्यानं आली चतुर्थी. आता एकवीस दूर्वा आणायच्या कुठून? वहिनी नऊवारी नेसून, हातात तबक घेऊन, अमेरिकन शेजाऱ्याच्या दारात उभ्या. त्यानं विचारलं, जिच्यापायी तुमचे मिस्टर माझ्याशी बोलत नाहीत, तीच हवी? घ्या की, सगळी घ्या!

कायद्यालाही यात पडावं लागलंय, म्हणजे बघा. न्यू जर्सीत २०११ चा खतांचा कायदा आहे: १५ नोव्हेंबर ते १ मार्च घरमालकानं लॉनला खत घालायचं नाही, आणि नवं लॉन लावायचं नसेल तर माती तपासल्याशिवाय फॉस्फरस नाही. वाहून जाऊन पाणी नासतं म्हणून. आणि हे लॉन तरी किती? नासाच्या उपग्रहांच्या मदतीनं २००५ मध्ये अमेरिकेतल्या लॉनच्या क्षेत्राचा अंदाज काढला होता, तो आला सुमारे १,६३,८०० चौरस किलोमीटर. निम्म्याहून अधिक महाराष्ट्र, आणि त्यात एक कणीस नाही!

आणि आता सगळ्यात ताजं. आमच्या कोपऱ्यावरच्या घरातल्या सूनबाईंनी फेस्क्यूत चक्क क्लोव्हर पेरलंय. आपणहून! तिचं म्हणणं, ते हवेतला नत्र घेतं, खत लागत नाही. आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत अमेरिकन लॉनच्या बियांत क्लोव्हर असायचंच, रुंद पानांचं तण मारणारी औषधं आली तेव्हापासून ते तण ठरलं. यातलं खोटं काहीच नाही, हीच तर पंचाईत. पांढरी फुलं आलीत, मधमाश्या घोंघावतायत, आणि कोजागरीला त्या घराला बोलवायचं की नाही यावर मंडळाच्या ग्रुपवर अजून एकमत झालेलं नाही.