आडव्या पायाचं उभं दुखणं

जळगावच्या सराफ बाजारात अंगठी घ्यायला जा. आधी मापाच्या कड्यांचा जुडगा पुढे येतो. एकेक कडं बोटात चढतं, उतरतं. पेर जाड असेल तर सराफ स्वतःच सांगतो, "पेरावरून उतरेल एवढी ठेवावी लागेल, मग खाली जरा फिरेल, चालेल ना?" हाताच्या एका बोटाचा एवढा मान. तोच माणूस पायाची दहा बोटं घेऊन बुटाच्या दुकानात शिरला की त्याला एकच प्रश्न येतो : "नंबर?"

नंबर म्हणजे लांबी. पाय आडवा किती, बोटं उतरती आहेत की सगळी एका ओळीत, याची चौकशी होत नाही. पूर्वी मुलगी बघायला जाणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा याहून बारकाईने पाय बघायच्या. अंगठ्याशेजारचं बोट लांब निघालं की नवरा मुठीत जाणार, हे निदान पोहे यायच्या आत झालेलं असायचं. निदान भंपक, पण नजर तरी बोटांवर होती.

साध्या बुटात हा अन्याय खपून जातो. आठ नंबर आवळतो म्हणून नऊ घ्यायचा, पुढची पोकळी जाड मोजा आणि जादा सुकतळा घालून बुजवायची, नाडी करकचून ओढायची. कचेरीत जायला तेवढं पुरतं. ज्यांना कातळावर चढायचंय त्यांना पुरत नाही. प्रस्तरारोहणाचा बूट बहुतेक जण मोज्याशिवाय घालतात. तळाला नक्षी नसलेलं गुळगुळीत, चिकट रबर असतं. बोटं टोकाला भिडलेली, किंचित मुडपलेली असावी लागतात, कारण कातळातल्या बोटभर कंगोऱ्यावर अख्खं वजन अंगठ्याच्या आतल्या कडेवर तोलायचं असतं. टोकात सेंटिमीटरभर पोकळी राहिली तर कंगोऱ्यावर ती पोकळी उभी राहते आणि तुम्ही मागे लोंबकळता.

आता हा बूट घडतो कशावर, तर फर्म्यावर. या धंद्यातली मोठी घराणी युरोपातली. इटलीची ला स्पोर्टिव्हा १९२८ सालची, स्कार्पा १९३८ सालची. हुन्नर वादातीत. पण जरा वरच्या दर्जाचा, 'आक्रमक' म्हणून विकला जाणारा बूट हातात घेऊन बघा. अंगठ्याकडे टोकदार, करंगळीकडे झपकन उतरलेला आणि खाली केळ्यासारखा वाकलेला. केळ्याचा बाक जळगावकरांना नवा नाही, पण आजवर कोणी त्यात पाय घातला नव्हता.

पायांचे ढोबळ तीन प्रकार सांगतात. अंगठा सगळ्यांत लांब तो इजिप्शियन, शेजारचं बोट लांब तो ग्रीक, आणि बोटं जवळजवळ एका रेषेत असलेला तो चौकोनी. पहिल्या दोघांच्या वाट्याला प्राचीन संस्कृती आल्या, तिसऱ्याच्या वाट्याला भूमिती. हा चौकोनी पाय त्या टोकदार बुटात गेला की करंगळी चेंगरते, अंगठा शेजारच्या बोटावर रेलतो आणि एवढं होऊनही टोकाची जागा रिकामीच राहते. चेंगराचेंगरी आणि मोकळं मैदान एकाच बुटात. एक नंबर मोठा घेतला की टाच सैल पडते. मग टाच कातळावर अडकवून अंग वर ओढायची वेळ आली की बूट कातळावर आणि पाय हवेत.

"बूटना काही दोष नही भाऊ, तुमना पायच आडवा शे," असा निकाल धुळ्यातल्या एका दुकानदाराने मला दिला होता. निकालावर अपील नव्हतं. आडवा पाय हा जणू स्वभावदोष असावा असा त्याचा सूर होता, आणि मला वाटतं सगळ्या गोंधळाचं मूळ त्या सुरात आहे. अंगठी बसली नाही तर आपण बोटाला बोल लावत नाही. बूट बसला नाही तर मात्र पायच चुकतो.

तर हा नंबर आला कुठून? इंग्रजी नंबर जवाच्या दाण्यावरून आला. एका नंबरातून पुढच्यात गेलं की बूट एका जवाच्या लांबीने, म्हणजे एक तृतीयांश इंचाने, साधारण साडेआठ मिलिमीटरने वाढतो. चढाईच्या बुटांवर बहुधा युरोपी नंबर असतो, तिथे उडी दोन तृतीयांश सेंटिमीटरची. दोन्हीकडे हिशेब लांबीचाच, रुंदी मागून ओढली जाईल तेवढी. कळण्याच्या भाकरीवर पोसलेला पाय आपण विलायती जवाने मोजून घेतो.

गंमत अशी, की जवाने मोजायची रीत आपल्याकडेही होती आणि तिचा एक धागा चाळीसगावजवळच्या पाटणला येऊन पोचतो. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमाराच्या 'लीलावती'त मापांची कोष्टकं आहेत. आठ यवोदरांचं एक अंगुळ, चोवीस अंगुळांचा एक हात. यवोदर म्हणजे जवाचं पोट. इंग्रज दाणा उभा धरून मोजत आले, भास्कराचार्यांच्या कोष्टकात तो आडवा आहे. त्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, पाटणला मठ स्थापला. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा तो शिलालेख प्रसिद्ध आहे. आज त्याच पाटणादेवीच्या जंगलातून कण्हेरगड आणि पितळखोऱ्याला जाणारी पोरं वाटेत बसून बूट काढतात आणि करंगळीवरचा फोड मोजतात.

(आमच्या पूर्वजांना बुटांचं शास्त्र ठाऊक होतं, असा व्हॉट्सॲप निरोप यावरून कृपया काढू नये. भास्कराचार्य बूट विकत नव्हते.)

सरकारलाही पायाला रुंदी असते याचा साक्षात्कार झाला आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी १,०१,८८० माणसांचे पाय त्रिमिती स्कॅनरवर मोजले. निष्कर्ष असा, की भारतीय पाय सर्वसाधारणपणे युरोपी आणि अमेरिकी पायापेक्षा रुंद आहे, आणि अरुंद बूट टाळण्यासाठी लोक गरजेपेक्षा लांब बूट घालत आले आहेत. म्हणजे जाड मोजा आणि जादा सुकतळ्याची गोष्ट आता सरकारी कागदावर आली. त्यातून भारतासाठी 'भा' नावाची नवी मापपद्धती सुचवली गेली, वयोगटांप्रमाणे आठ गटांची. स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षांनी का होईना, पाय मोजले गेले हे चांगलंच झालं. फक्त दुकानात जाऊन 'भा' मागा, तो 'बाटा' दाखवतो.

पाय रुंद का, याचं उत्तर शोधायला स्कॅनर लागत नाही. चैत्रात मुंबई-आग्रा महामार्गावर उभं राहा. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून सप्तशृंगीच्या गडाकडे पायी निघालेल्यांच्या रांगा दिसतील. खानदेश हे देवीचं माहेर, आणि लेकीला भेटायला जाताना माहेरची माणसं बूट बघत बसत नाहीत. कित्येक जण अनवाणी असतात. खाली तापलेलं डांबर, वर चैत्राचं ऊन, आणि ती बोटं अशी पसरलेली की प्रत्येकाला स्वतःचा सातबारा असावा. एरवीही इथला पाय स्लीपरमध्ये, चपलेत, नाहीतर शेतात उघडा. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण भारतातले कायम अनवाणी वावरणारे लोक, बूट घालणारे भारतीय आणि बूट घालणारे युरोपी अशी तुलना केली होती. अनवाण्यांचा चवडा रुंद आणि चालताना तळव्यावरचा दाब जास्त समान विभागलेला निघाला. त्याआधी १९९२ साली राव आणि जोसेफ या अस्थिरोगतज्ज्ञांनी ४ ते १३ वर्षांची २,३०० भारतीय मुलं तपासली होती. पादत्राणं वापरणाऱ्यांत सपाट पायाचं प्रमाण ८.६ टक्के, न वापरणाऱ्यांत २.८ टक्के. सगळ्यांत जास्त ते पुढून बंद बूट घालणाऱ्यांत. तेव्हा आडवा पाय म्हणजे बिघाड समजू नका. बूट न चावलेला पाय असाच दिसतो.

त्याच सप्तशृंगीच्या शिखरावर चैत्रोत्सवात आणि दसऱ्याला कीर्तिध्वज लागतो. शिखर म्हणजे सरळसोट कडा. ध्वज नेण्याचा मान दरेगावच्या गवळी पाटील घराण्याचा, आणि ही चढाई रात्रीच्या अंधारात, गिर्यारोहणाच्या साधनांशिवाय होते. पंधरा हजारांचा बूट घेऊनही करंगळी बधिर झाली म्हणून पहिल्याच दोरावर खाली उतरणाऱ्याने तिकडे बघून वैराग्य घ्यावं. मी ही चढाई गिर्यारोहणाची शिफारस म्हणून सांगत नाही, तो श्रद्धेचा मान आहे आणि ज्यांचा आहे त्यांनाच शोभतो. तुम्ही दोर बांधा.

मुळात खानदेशात हिंडायला हे आवळ बूट लागतात का? बहुतेक वेळा नाही. लळिंगला, सोनगीरला, साक्रीकडच्या भामेरला जाताना खरा शत्रू घसारा असतो. तिथे नक्षीदार तळाचा, पुढून मोकळा ट्रेकिंगचा बूट हवा. सह्याद्रीत दोन पिढ्यांनी 'ॲक्शन ट्रेकिंग'चे स्वस्त बूट झिजवले ते काही फॅशन म्हणून नव्हे. पण गडावरचा चिमुकला रॉकपॅच पार करायलाही हल्ली पोरांना चढाईचे बूट हवे असतात, कारण फोटोत ते दिसतात. सकाळी सातला घातलेले, संध्याकाळी गाडीत बसल्यावर काढलेले. ज्या बुटातून दर चढाईनंतर पाय बाहेर काढून मोकळा करायचा असतो तो दिवसभर पायात ठेवणं म्हणजे प्रायश्चित्त, आणि पाप काय केलं तेही माहीत नाही.

खरोखर दोर बांधून कातळ चढणाऱ्याला मात्र हा बूट लागतो, आणि चौकोनी पाय असेल तर त्याने थोडा मान गिळावा. भारी बूट सोडून नवशिक्यांचा म्हणून विकला जाणारा घ्यावा : तळ सपाट, टोक बोथट, वर चामडं, बांधायला नाडी. चामडं वापराने पायाच्या आकाराला येतं. कृत्रिम कापडाचा बूट पहिल्या दिवशी चावला तर वर्षानेही जवळपास तेवढाच चावतो, मग विकणारा "सैल होईल" असं कितीही म्हणो. नाडीने चवड्याकडे ढील आणि घोट्याकडे ताण देता येतो, पट्ट्याच्या बुटात ही सोय कमी. 'पुरुषांचा' आणि 'बायकांचा' या पाट्यांवर जाऊ नये. पुष्कळदा फरक आतल्या जागेचा असतो, म्हणून रुंद पायाच्या बाईने बिनदिक्कत पुरुषांचा घ्यावा आणि बारीक पायाच्या पुरुषाने बायकांचा. दुसऱ्या सल्ल्याने धुळ्यात अजून कोणी मला धन्यवाद दिलेले नाहीत.

माप संध्याकाळी घ्यावं, दिवसभराचा पाय सुजलेला असतो. भुसावळच्या मे महिन्यात तर सकाळचा आणि संध्याकाळचा पाय एकाच माणसाचे वाटत नाहीत. कागदावर दोन्ही पाय ठेवून पेन्सिल फिरवावी आणि चवड्याची रुंदी जिथे सर्वांत जास्त तिथे आडवी रेघ मारावी. हा कागद खिशात असला की निदान स्वतःला तरी पटवता येतं की आपलं दुखणं काल्पनिक नाही.

कोपऱ्यावरच्या मोच्याकडे नेऊन फर्म्यावर ताणून घेऊ, हा खास आपला उपाय साध्या चामडी बुटाला छान लागू पडतो. चढाईच्या बुटाला चवड्याभोवती रबराची पट्टी ताणून चिकटवलेली असते, टाचेचं रबर पाय पुढे ढकलत राहतं. तिथे फर्मा ठोकला की ढील मिळायची तिथे मिळत नाही आणि रबर मात्र सुटतं. मोची बिचारा रापी खाली ठेवून विचारतो, "हा कशाचा बूट, भाऊ?" आणि भिंतीवर चढायचा म्हटल्यावर आजूबाजूला बघतो.

राहिला प्रश्न रुंदीचा नंबर छापणाऱ्यांचा. बहुतेक कंपन्या तो छापत नाहीत. कोरियाच्या ब्यूटोराने मात्र 'ॲक्रो' नावाचा बूट दोन रुंद्यांत काढला. अरुंद तो नारिंगी, रुंद तो निळा. एकच नंबर, दोन पाय, रंगावरून ओळखा. म्हणून हल्ली दुकानात "रुंद आहे का?" असं विचारल्यावर पोरगा आत जाऊन येतो आणि नेहमीप्रमाणे "निळा चालेल का?" म्हणतो, तेव्हा मी चिडत नाही. आधी नीट विचारून घेतो, कुठला निळा.