फिल्टरवाले काकाजी

अमरावतीच्या प्रत्येक कॉलनीत एक फिल्टरवाले काकाजी असतातच. सरकारी खात्यातून निवृत्त. पूर्वी शर्टाच्या खिशाला पेन असायचा, आता तिथे जुना टूथब्रश असतो. कोणाकडे गेले की घरच्यांची खुशाली नंतर. आधी कोपऱ्यातल्या फिश टँकला कान लावतात. "घरघर येऊन ऱ्हायली बापू. इम्पेलर अडकला." चहा यायच्या आत पंप बाहेर, झाकण उघडं, आणि त्या इवल्याशा चुंबकी पंख्याला गुंडाळलेला लांब केस काकाजी चिमटीत धरून घरभर दाखवतात. केस कोणाचा, यावर त्या घरात पुढे जे होतं त्याची जबाबदारी ते घेत नाहीत.

हा हात बसला तो कूलरवर. उन्हाळा लागला की वऱ्हाडात घरोघरी कूलर निघतो, आणि त्याच्या टाकीतला पंप न् माशांच्या टँकमधला पंप एकाच घराण्यातले. खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं पाणी असेल तर दोघांवरही पांढरे क्षार चढतात. काकाजी दोघांचेही सुटे भाग व्हिनेगरमध्ये भिजत घालतात. काकूंनी लोणच्यासाठी आणलेली बाटली त्यातच संपते.

गाडगेबाबांची समाधी असलेल्या या शहरात स्वच्छतेला उघड विरोध करणारा मात्र हा एकच माणूस. कोणी कौतुकानं सांगावं, "काकाजी, फिल्टरचा स्पंज आज नळाखाली चकाचक धुतला," की त्यांचा चेहरा सुतकी होतो. "मंग तं संपलं! अहो, माशाच्या घाणीतून अमोनिया होते, थे विष. स्पंजातले काही बॅक्टेरिया तिचं नायट्राइट करतात, थेही विषच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, थे मासा सोसून घेते. आन् तुमी त्यायच्यावर क्लोरीनचं पाणी सोडलं!" स्पंज धुवायचा तो टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात. दोनदा दाबायचा, गाळ सुटला की परत लावायचा.

अकोल्याच्या मेहुण्यानं नवा टँक घेतला तेव्हा काकाजींनी आपल्या टँकमधला मळका स्पंज ओलाच डब्यात भरला आणि एसटी पकडली. नव्या टँकमध्ये हे बॅक्टेरिया आपोआप जमायला काही आठवडे लागतात. जुना स्पंज सोडला की काम लवकर होतं. पण बॅक्टेरियांना हवा लागते, म्हणून डब्याचं झाकण अर्धवट उघडं. मूर्तिजापूर येईस्तोवर शेजारची सीट रिकामी झाली.

"काकाजी, डब्यात काय हाये?" कंडक्टरनं नाकाला रुमाल लावून विचारलं.

"विरजण," काकाजी म्हणाले.

त्यांचा खरा हंगाम दिवाळीचा. घरोघर साफसफाई निघते, आणि कोणीतरी उत्साहाच्या भरात फिल्टरही साबणात बुडवतो. म्हणून काकाजी आधीच दारोदार फिरून बजावतात, "जाळे काढा, भिंती पुसा, पण फिल्टरले हात लावू नोका. जास्त स्वच्छता घातक असते!"

एका दिवाळीत काकूंनी हे दारातच ऐकलं. "म्हून काय तुमी तुमचं कपाट तीन वर्सांपासून आवरलं नाई? तिथंही बॅक्टेरिया पाळले काय?"

अमोनियापासून नायट्रेटपर्यंत सगळं तोंडपाठ असलेले काकाजी क्षणभर गप्प झाले. मग टूथब्रश खिशात खोचत म्हणाले, "तिथलं चक्र अजून पूर्ण व्हायचं हाये."