या हप्त्याची आवक

शनिवारी सकाळी नंबरभाऊ तिवसा बसस्टँडसमोरच्या टपरीवर येतात, तेव्हा त्यांचे डोळे लाल असतात. चहाचा पहिला घोट घेऊन ते जाहीर करतात, "या हप्त्यात सात नवीन आले." बाकावर बसलेला ट्रॅक्टरवाला दचकतो. त्याच्या लेखी हप्ता फायनान्सचा असतो आणि एक आला तरी माणसाची भूक मरते. सात आले म्हटल्यावर तो हळूच सरकून भाऊंना जागा करून देतो.

नंबरभाऊंचे कृषी केंद्र आहे. बियाणे, खते, फवारणीची औषधे आणि काउंटरखाली एक जाड वही. त्या वहीत नुसते आकडे: ४, १७, ६२, ८८. काही वर्षांपूर्वी गावात कुजबूज झाली की भाऊ सट्टापट्टी घेतात. दोघेतिघे रात्री शटर अर्धे खाली असताना येऊन "आज कोनता लागते?" असे विचारूनही गेले. भाऊंनी खरे तेच सांगितले. हे आकडे इंग्लंड-अमेरिकेत या आठवड्यात कोणता अल्बम कितव्या क्रमांकावर शिरला त्याचे आहेत, आणि त्यातला नवा शिरलेला प्रत्येक अल्बम आपण पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकतो. सट्ट्याची अफवा गावाला पटली होती. हे मात्र पटायला वेळ लागला.

या जमातीच्या माणसाला संगीताचा शौकीन समजणे ही पहिली चूक. शौकीन माणूस निवडतो. नंबरभाऊ निवडत नाहीत, त्यांच्याकडे आवक येते. बाजार समितीत ज्या क्रमाने गाड्या लागतात त्या क्रमाने त्या मोजायच्या. हा माल आवडतो, तो नको, असे काटेवाल्याने म्हणायचे नसते. कापूस एकाधिकार खरेदीच्या काळात केंद्रावरचा ग्रेडर गाडीतून मूठभर कापूस उपसायचा, दोन बोटांनी धागा ओढायचा आणि शेतकऱ्याच्या वर्षाचा निकाल लावायचा. भाऊंचे वडील त्या रांगेत उभे राहिलेले. भाऊ कानाला इयरफोन लावून तोच चेहरा करतात.

रोग मात्र वाडवडिलांचाच. ३ डिसेंबर १९५२ ला रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. त्या वेळचे नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. हा मराठी माणूस शास्त्रीय संगीताचा इतका कैवारी, की आकाशवाणीवर सिनेमाच्या गाण्यांना जागा उरली नव्हती. मग देश बुधवारी रात्री आठ वाजता शॉर्टवेव्हची खरखर सहन करत कोलंबोला कान लावून बसू लागला. निवेदक अमीन सयानी मुंबईत बोलायचे, ध्वनिफिती विमानाने सिलोनला जायच्या आणि तिथून ती गाणी समुद्र ओलांडून पुन्हा इकडे यायची. सुरुवातीला सातच गाणी, तीही कशाही क्रमाने. लोकप्रियतेचा क्रम श्रोत्यांनी ओळखायचा आणि शंभर रुपये मिळवायचे. क्रमवारीची 'पायदान' पुढे आली.

बाहेरच्या जगाचा विषय निघाला की भाऊंची छाती इथे फुगते. अमेरिकेत 'बिलबोर्ड'ने अल्बमची क्रमवारी दर आठवड्याला नियमित छापायला घेतली ती मार्च १९५६ मध्ये. ब्रिटनमध्ये अल्बमचा पहिला तक्ता आला तो त्याच वर्षीच्या जुलैत. "आपलं त तीन वर्षं आधीच चालू होतं ना बाप्पा!" भाऊ असे सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावे गीतमाला तिवस्याहूनच निघत होती.

वडिलांच्या बाजूने तेवढे खरेही होते. गीतमालेचा क्रम रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री, श्रोत्यांची पत्रे आणि गावोगावचे श्रोता संघ यांवर ठरायचा. वडील अशाच एका चार टाळक्यांच्या संघाचे अध्यक्ष, चिटणीस आणि पोस्टकार्डाचा खर्च सोसणारे एकमेव सभासद. १९६६ साली 'सूरज'मधले रफींचे गाणे वर्षाचे सर्वांत वरचे ठरले, तेव्हा त्यांनी त्यात आपला वाटा आहे असे मरेपर्यंत मानले. मानायला आधार होता. कार्ड गेले होते.

मुलाचे दुखणे वेगळे. जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी येतात. ब्रिटनचा तक्ता तिथल्या शुक्रवारी संध्याकाळी लागतो, म्हणजे आपल्याकडे रात्री दहा-अकराला. अमेरिकेचा पूर्ण तक्ता त्यांच्या मंगळवारी. यामुळे भाऊंचा आठवडा दोन बाजूंनी कातरला जातो आणि लग्नाची आमंत्रणे ते वार बघून स्वीकारतात.

काही आठवडे फार कठीण गेले. जून २०१८ मध्ये बीटीएस या कोरियन पोरांचा अल्बम बिलबोर्डच्या शिखरावर पोचला. कोरियन अल्बमला ते पहिल्यांदाच जमले. इकडे पेरणीचे दिवस, दुकानात सोयाबीनच्या बॅगांसाठी झुंबड आणि एका कानात कोरियन. डिसेंबर २०२० मध्ये बॅड बनीचा अल्बम पहिल्या क्रमांकावर चढला. संपूर्ण स्पॅनिश अल्बम तिथे पोचण्याची ती पहिलीच वेळ. कापसाची वेचणी चालू होती आणि भाऊ वेचणाऱ्या बायांना "हे सारं स्पॅनिशमदी हाये" असे समजावत होते. "असन," एक बाई म्हणाली आणि पुढच्या तासाला लागली.

पण १९ एप्रिल २०२४ ची सर त्यांना नाही. त्या दिवशी टेलर स्विफ्टचा अल्बम आला आणि दोन तासांत त्याची वाढीव आवृत्ती. एकूण एकतीस गाणी. बरोबर एका आठवड्याने, २६ तारखेला, अमरावती लोकसभेचे मतदान. वर वऱ्हाडातला एप्रिल. रस्त्यावर प्रचाराचे भोंगे आणि आत स्विफ्टबाईंचे प्रेमभंग यांच्या मधोमध बसून भाऊंनी एकतीसच्या एकतीस गाणी संपवली. तिकडे पहिल्याच आठवड्यात त्या अल्बमचा आकडा सव्वीस लाखांवर गेला. "लीड पाय!" भाऊ म्हणाले. समोरच्याने विचारले, कोणाची?

घरात त्यांच्या या विद्वत्तेला आईच पुरून उरते. पिंक फ्लॉइडचा १९७३ चा एक अल्बम बिलबोर्डच्या तक्त्यात नऊशेहून अधिक आठवडे राहिला, हे भाऊंनी एकदा जेवताना सांगितले. आईने भाकरीचा तुकडा मोडत विचारले, "आन कौंडण्यपूरची रुक्मिणीची पालखी किती हप्ते झाले रे?" ती पालखी १५९४ पासून पंढरपूरला जाते असे सांगतात. भाऊंनी मोबाइलवर गुणाकार केला, बावीस हजारांवर आकडा पाहिला आणि थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण ते सालातून एकदाच येते, आई. तिले रीएन्ट्री म्हंतात."

खरा घाव पुतण्याने घातला. पुतण्या अमरावतीला इंजिनिअरिंगला. त्याने सुट्टीत तेव्हा लागू असलेला नियम वाचून दाखवला. २०१८ साली बिलबोर्डने ठरवले की जाहिरातींसकट फुकट ऐकणाऱ्याने गाणी ३,७५० वेळा वाजवली की एक अल्बम खपला असे धरायचे. भाऊ फुकटातलेच. पुतण्याने काउंटरवरच्या कॅल्क्युलेटरवर हिशेब मांडला: तीन मिनिटांचे एक गाणे धरले तर आठवडाभर, न झोपता, न जेवता ३,३६० गाणी होतात. म्हणजे काका, तुम्ही सात दिवस रात्रंदिवस ऐकलं तरी एक अल्बम पुरा होत नाही. आणि मुख्य म्हणजे तो तक्ता फक्त अमेरिकेतल्या ऐकणाऱ्यांचा. तिवस्याचं मोजतच नाहीत.

दुकानात शांतता पसरली. वडिलांचे पोस्टकार्ड तरी कोणीतरी मोजले होते.

"न मोजो," भाऊ शेवटी म्हणाले. "मोजनारा मी हावो ना."

त्यांनी वही उघडली. क्रमांक, नाव, किती आठवडे, मागचा क्रमांक असे रकाने पट्टीने आखलेले. पुतण्याने चाळून विचारले, यातलं आवडलं कोणतं? भाऊंनी मागची चार पाने पाहिली, पुढची दोन पाहिली. तसा रकाना नव्हता. पट्टी घेऊन त्यांनी समासात एक उभी रेघ ओढली, वर 'आवड' लिहिले आणि पेन टेकवून बराच वेळ बसले. मग तिथे सोयाबीनच्या दोन बॅगांची उधारी लिहिली, कारण गिऱ्हाईक आले.

त्याच शुक्रवारी रात्री साडेदहाला तक्ता उघडत असतानाच लाइन गेली. मोबाइलचे नेटवर्कही तिच्यामागे गेले. पाच मिनिटे धीर धरून भाऊ गच्चीवर चढले, टाकीच्या कठड्यावर उभे राहिले, एक दांडी रेंज मिळवली आणि पुण्याच्या साळ्याला फोन लावला.

"झोपला काय बे? जरा पाय ना, या हप्त्यात पहिल्या नंबरवर कोन हाये?"

साळा गाढ झोपेत होता. तो म्हणाला, "भाव उद्या सकाळी निघते ना, भाऊजी. तुम्ही सध्या माल ठिवून घ्या."