गवताला खुराक: नवशिक्यांसाठी

न्यू जर्सीत घर घेतलंत, अभिनंदन! पुढच्या अंगणात जे करडं, मरगळलेलं काहीतरी दिसतंय ते तुमचं लॉन. आजोबा गवत म्हशीला घालायचे आणि म्हशीचं शेण शेताला. तुम्ही थेट गवतालाच खाऊ घालायचंय. म्हैस मध्ये आणू नका, असोसिएशन दंड करेल.

१. १ मार्चपर्यंत कळ काढा. १५ नोव्हेंबरपासून तोवर घरमालकांनी लॉनला खत घालायला इथे कायद्याने बंदी आहे. मुदत संपली की दुसऱ्याच दिवशी सकाळी स्प्रेडर घेऊन बाहेर पडा. माती गार असेल, असू द्या. सेंद्रिय खत जिवाणूंनी पचवल्याशिवाय गवताच्या तोंडी लागत नाही, आणि ५० अंश फॅरनहाइटच्या खाली जिवाणू फारसे हातपाय हलवत नाहीत. पण समोरचे गृहस्थ खिडकीतून बघतायत ना? मग खत लागू पडलं.

२. खत निवडा. मिलॉर्गनाइट घ्या, नाव भारदस्त आहे. मिलवॉकी शहराचं सांडपाणी शुद्ध करताना जो जिवाणूंचा गाळ उरतो, तो भट्टीत वाळवून १९२६ पासून पिशव्यांत भरून विकतात. पिशवी ३२ पौंडांची, २५०० चौरस फुटांना पुरते. वर ६-४-० लिहिलेलं असतं: नायट्रोजन सहा टक्के, फॉस्फेट चार, पोटॅश शून्य. अमेरिकेत सेंद्रिय शेतीच्या प्रमाणपत्राला सांडपाण्याचा गाळ चालत नाही, पण तुमच्या लॉनला प्रमाणपत्र मागतंय कोण? सासूबाई साताऱ्याहून आल्या असतील तर पिशवीत काय आहे ते सांगत बसू नका. खोदून विचारलंच तर ‘विस्कॉन्सिनचं आहे’ म्हणा.

३. पसरा. आधी उभं, मग आडवं; नाहीतर महिन्याभराने लॉनवर हिरवे-पिवळे पट्टे उठतात आणि गल्लीभर तुमचं अज्ञान वाचता येतं. दाणे मोहरीएवढे, काळपट. पाऊस पडला की दोन-चार दिवस वास येईल. शेजारचा कुत्रा मात्र भलताच लळा लावेल.

४. फळ भोगा. मे महिन्यात गवत असं फोफावेल की दर चार-पाच दिवसांनी कापावं लागेल. कापलेलं तिथेच सोडलं तर गवताला लागणाऱ्या नायट्रोजनचा जवळपास चौथा हिस्सा फुकटात परत मिळतो. हा मोह टाळा. कंबर धरून सगळं गोळा करा, कागदी पिशव्यांत भरून रस्त्याकडेला ठेवा, आणि येताना दुकानातून खताची नवी पिशवी आणा.

५. तुमचं गवत बहुधा केंटकी ब्लूग्रास असेल. नाव केंटकीचं, मूळ युरोपातलं; तेही आपल्यासारखंच बाहेरून येऊन स्थायिक झालेलं. थंडीच्या या गवताला खताची खरी गरज सप्टेंबरात असते. पण तेव्हा मंडळाचा गणपती, ढोल-ताशाच्या तालमी, मोदकांची ऑर्डर. त्यापेक्षा मार्चच बरा, तेव्हा तुम्हाला दुसरं काम नसतं.