आजीची मांडी आणि आयसोफिक्स

नवी गाडी दारात आली की चाकाखाली लिंबू जातं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक उमटतं, नारळ फुटतो. सुरक्षेच्या बाबतीत आपण अजिबात हयगय करत नाही. मग कुणीतरी बाळाच्या सीटचा विषय काढतं आणि आजी मांडी थोपटून विचारते, "मग ही कशाला आहे?"

या मांडीशी वाद घालणं महाकठीण. दोन पिढ्या तिच्यावर निजल्यात. पण ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी धडकून थांबते, तेव्हा आतल्यांचा वेग १० मीटरवरून पडणाऱ्या माणसाइतका असतो. म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून. त्या क्षणी बाळाला धरून ठेवायला कुणाचेच हात पुरत नाहीत, मग माया कितीही असो. आजीला हे पटतं. "मग हळू चालवा," ती म्हणते.

खरी नाराजी पुढेच असते. सीट आणली ती आणली, वर बाळाला मागे तोंड करून बसवायचं! "बाहेरचं काही दिसायला नको का त्याला? रुसल्यासारखं बसवलंय!" पण नवजात बाळाचं डोकं अंगाच्या लांबीचा पाव भाग असतं, मान अजून कोवळी. मागे तोंड असलं की समोरून बसलेला धक्का सीटची पाठ झेलते. डोकं, मान आणि पाठ एकदमच टेकतात. स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांनी १९६४ साली अशी सीट तपासली, ती जेमिनी यानातल्या अंतराळवीरांच्या बैठकीवरून सुचली होती. युरोपच्या नव्या नियमात निदान १५ महिने तरी तोंड मागेच हवं. त्यापुढेही सीटच्या मापात मावेल तोवर तसंच बसवावं. फक्त एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर ही सीट चुकूनही लावायची नाही.

सीट बसवणं हा बाबांचा प्रांत. आयसोफिक्सचे, म्हणजे बाळाची सीट थेट गाडीलाच अडकवायचे, आकडे गादीच्या फटीत सापडेपर्यंत ते घामाघूम होतात. 'खट्' झालं की विजयी मुद्रा. पण खट् झाल्यावरही बुडाशी धरून हलवून बघायचं. इंचभराहून जास्त हलली तर पुन्हा फटीत हात. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून पाहावा, चिमटीत आला तर तो सैल. नेमका इथे मामीला कळवळा येतो: "लागत असेल गं त्याला!" आणि पट्टा दोन बोटं ढिला होतो. जाड स्वेटरही पट्ट्याच्या आत नको. पट्टा आधी, शाल वरून.

कायदाही आहे. २०१९ च्या दुरुस्तीपासून १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा सीट नसेल तर हजार रुपये दंड. पण खंडाळ्याच्या घाटात बाळाने सूर लावला की कायदा कुणाला आठवतो? "दोन मिनिटं काढ रे, घाट संपेपर्यंत." काढायचं असेल तर पुढे फूड मॉलला थांबून काढावं. वडे तसेही खायचेच असतात.

शेवटी तोडगा निघतो. आजी सीटशेजारी बसते, खुळखुळा हातात. सून हळूच सांगते, मागे बसलेल्या माणसाने पट्टा लावला नाही तर धडकेत तो बाळावरच आदळू शकतो.

"इश्श! मला कशाला पट्टा? मी काय लहान आहे?"