ऑटोमॅटिक फायरमन

2001 साली 'मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर' आला आणि खुर्चीत बसून नोकरी करणाऱ्यांची खुर्चीतच बसून इंजिन हाकायची सोय झाली. त्यात इंग्लंडमधला सेटल–कार्लाइल मार्ग होता, गाडी ओढायला साक्षात 'फ्लाइंग स्कॉट्समन', आणि वाटेत रिबलहेडचा 24 कमानींचा पूल. गंमत म्हणजे खऱ्या गाडीला जेवढा वेळ लागतो तेवढाच इथेही लागतो. "झालं का तुमचं?" असं स्वयंपाकघरातून आलं की "सिग्नलला उभा आहे" एवढंच सांगता येतं. "म्हणजे अगदी खरी आहे हो गाडी," असा त्यावर शेरा.

खेळ सुरू करण्याआधी तो विचारून घेतो. डबे घसरू द्यायचे का? कपलिंग तुटू द्यायचं का? कोळशा-पाण्याचं बघायला ऑटोमॅटिक फायरमन हवा का? हौशी मंडळी या शेवटच्या प्रश्नावर माणूस जोखतात. फायरमन घेणाऱ्याकडे ती, गणपतीला विकतचे मोदक आणणाऱ्या सुनेकडे बघावं तशी बघतात.

अर्थात मी फायरमन घेत नाही. खऱ्या बॉयलरात पाणी फार उतरलं की भट्टीचं छत उघडं पडतं, म्हणून पाणी सोडायचं. गार पाणी शिरलं की वाफेचा दाब पडतो, म्हणून कोळसा टाकायचा. कोळसा टाकून मान वर करावी, तर रिबलहेडचा पूल मागे गेलेला! ज्याच्यासाठी एवढी उस्तवार, त्याची एक कमानसुद्धा नजरेला पडत नाही.

जपान्यांनी यावर शहाणा तोडगा काढला. 1996 च्या 'देन्शा दे गो!' या खेळात बाकीचा बराच व्याप बाजूला ठेवून त्यांनी गाडी थांबवण्यावर जीव लावला. फलाटावरच्या खुणेपासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये, उशीर सेकंदांत, आणि ब्रेक करकचून दाबला तर प्रवासी धडपडले म्हणून गुण कापणार. लोखंडावर लोखंड घसरत जातं तेव्हा ब्रेक किती आधी धरावा लागतो, हे वेगाची आणि ब्रेकची अशा दोन दांड्या हातात आल्यावरच कळतं. माझ्या मते एवढं खरेपण पुरे.

हे मत आमच्या शेजारच्या काकांना ऐकवलं. काका निवृत्त मोटरमन. उभा जन्म लोकल हाकली. ते माझ्या ट्रेन सिम्युलेटरपुढे माउस घेऊन बसले आणि एकेक चौकट बंद करत सुटले. घसरणं बंद, कपलिंग बंद. फायरमन मात्र ठेवला. "काका, निदान ब्रेक तरी..."

"शिट्टी कुठंय ते सांग."

शिट्टी सापडल्यावर त्यांनी स्टेशनामागून स्टेशनं उडवली. फलाटावरची माणसं बघत राहिली. समोर सिग्नल लाल झाला तशी माझ्याच पोटात कालवाकालव झाली.

"काका, लाल आहे! लाल!"

"दिसतोय," काका शिट्टी दाबत म्हणाले. "चार्जशीट कोण देणार, तू?"